आई-बाबांना रॉयल अल्बर्ट हॉलला नेताना : तिकिटापासून परतीच्या बसपर्यंत

लंडनमधल्या मराठी घरांत जून उजाडला की आई-बाबा यायला लागतात. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, विंडसर असं सगळं पहिल्या पंधरवड्यात बघून होतं. आणि नेमका जुलैच्या मध्यावर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्सचा, म्हणजे मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफिलींचा मोसम सुरू होतो. पुढचे सुमारे आठ आठवडे जवळपास रोज संगीत. आई-बाबांच्या पिढीला या हॉलचं नाव नवं नसतं. १९७४ साली लता मंगेशकर इथे गायल्या, दिलीपकुमारांनी त्यांचा परिचय करून दिला, आणि त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. त्यामुळे ‘तिथे एकदा जाऊन बसायचंय’ हा हट्ट पुष्कळदा त्यांचाच असतो, आणि तो पुरवायलाच हवा.

मात्र सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार झालेली माणसं पाच हजारांवर प्रेक्षक मावणाऱ्या, दीडशे वर्षं जुन्या इमारतीत न्यायची असतील तर तयारी तिकिटापासून करावी लागते. स्टेजपासून खुर्ची किती लांब आहे हे सगळ्यांत शेवटी बघा. रस्त्यापासून त्या खुर्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत, कुठे आहेत आणि धरायला कठडा आहे का, हे आधी विचारा. एवढं जमलं तर पुढची संध्याकाळ आनंदात जाते. नाही जमलं तर संगीत कितीही चांगलं असलं तरी आईचं अर्धं लक्ष ‘आता उतरायचं कसं’ यातच अडकतं.

आधी इमारत समजून घ्या

हॉलचं उद्घाटन २९ मार्च १८७१ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत झालं. इमारत लंबगोल आहे, बाहेरून एका बाजूने सुमारे ८३ मीटर आणि दुसऱ्या बाजूने ७२. भोवती १२ दारं आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे आणि तिकिटावर तुमच्या दाराचा क्रमांक छापलेला असतो. लाल विटांच्या गोल भिंतीत ही दारं पहिल्यांदा येणाऱ्याला सारखीच वाटतात. हॉलला एक पूर्ण चक्कर मारायची तर अडीचशे मीटरच्या आसपास चालावं लागतं, म्हणजे चुकीच्या बाजूने निघालात तर काठी टेकत चालणाऱ्या माणसाला उगाच शंभर-सव्वाशे मीटरचा फेरा पडतो. म्हणून घरून निघण्यापूर्वीच दाराचा क्रमांक पाठ करा आणि ते दार उत्तरेला, रस्त्याच्या अंगाला आहे की दक्षिणेला, हे नकाशात बघून ठेवा.

आत खालून वर असे मजले आहेत. तळाशी मधोमध अरीना, म्हणजे सपाट जमीन. प्रॉम्सच्या दिवसांत तिथल्या खुर्च्या काढतात आणि लोक उभ्याने ऐकतात. अरीनाभोवती चढत गेलेल्या रांगा म्हणजे स्टॉल्स. त्यांच्या मागे आठ-आठ खुर्च्यांचे लॉजिया बॉक्स (बॉक्स म्हणजे स्वतंत्र कप्पा), त्यावर बारा-बारा खुर्च्यांचे ग्रँड टियर बॉक्स आणि त्याच्याही वर पाच-पाच खुर्च्यांचे सेकंड टियर बॉक्स. मग सर्कल, आणि अगदी घुमटाखाली कमानींची गॅलरी. स्टेजच्या मागे, ऑर्गन या अवाढव्य वाद्याच्या दोन्ही अंगांना कॉयरच्या, म्हणजे समूहगायकांच्या जागा. ऑर्गनकडे बाबांचं लक्ष वेधायला विसरू नका, त्याला ९,९९९ नळ्या आहेत.

प्रेक्षागृहात मान वर केली की छताला टांगलेल्या मोठ्या तबकड्या दिसतात. हॉल उघडला तेव्हापासून घुमटामुळे आवाज घुमण्याची तक्रार होती. तो घुमारा आवरण्यासाठी १९६९ मध्ये या फायबरग्लासच्या तबकड्या बसवल्या. सुरुवातीला १३५ होत्या, आता ८५ आहेत. ‘हे काय लटकवलंय?’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा.

कुठल्या जागा घ्याव्यात

शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वला नाटक बघणारी आपली माणसं पहिल्या तीन रांगांचा आग्रह धरतात. इथे तो आग्रह सोडायला लावा. गोल प्रेक्षागृहात पुढे बसण्याला तेवढं महत्त्व नाही, आणि मोठा ऑर्केस्ट्रा जरा मागून, जरा वरून ऐकला तर जास्त एकसंध ऐकू येतो.

आई-बाबांसाठी माझी पहिली पसंती ग्रँड टियर किंवा लॉजियाच्या बॉक्समधल्या जागांना. बॉक्समधल्या खुर्च्या सुट्या असतात. ऑपरेशन झालेला गुडघा लांब करून बसता येतं, खुर्ची जरा तिरकी करता येते, आणि दहा माणसांच्या पायांवरून ओलांडत जावं लागत नाही. लॉजिया रस्त्याच्या पातळीच्या सगळ्यांत जवळ पडतो. बॉक्समध्ये मागची खुर्ची आली तर पुढच्यांच्या खांद्यांवरून बघावं लागतं, हे मात्र ध्यानात ठेवा. पुढच्या खुर्च्या मिळत असतील तर चार पौंड जास्त गेले तरी चालतील.

दुसरी पसंती स्टॉल्स. इथल्या खुर्च्या फिरत्या आहेत, बसल्याबसल्या अख्खी खुर्ची स्टेजकडे वळवता येते. मानेच्या स्पाँडिलायटिसवाल्यांना हे सुख फार मोठं आहे, कारण गोल हॉलमध्ये बाजूच्या जागेवरून दोन तास मान वळवून बसणं सोपं नाही. पण स्टॉल्समध्ये रांगेपर्यंत जायला पायऱ्या आहेत आणि किती, ते रांगेवर अवलंबून आहे. म्हणून बुकिंग करताना ‘या रांगेला कमीत कमी पायऱ्या कुठल्या बाजूने लागतील?’ असा थेट प्रश्न तिकीटखिडकीला विचारा.

सर्कल स्वस्त पडतं आणि ऑनलाइन नकाशात अगदी ठीक दिसतं. तिथला उतार मात्र खडा आहे. चक्कर येणारी, उंचीला घाबरणारी किंवा बायफोकल चष्म्यातून पायरीचा अंदाज न येणारी व्यक्ती बरोबर असेल तर सर्कल घेऊच नका, मग तिकीट कितीही स्वस्त असो. कॉयरच्या जागा ऑर्केस्ट्राच्या मागे असल्याने वादकांना हातांनी इशारे देणाऱ्या कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो, आणि संगीत शिकणाऱ्या मुलांना तिथे बसवण्यासारखी दुसरी जागा नाही. ज्येष्ठांसाठी मी त्या घेणार नाही.

प्रॉम्समध्ये उभ्याची तिकिटं असतात, गेल्या काही मोसमांत ८ पौंडांना, आणि ती त्याच दिवशी विकायला काढतात. अरीना किंवा गॅलरीत उभं राहून ऐकायचं. तुम्ही तरुण असाल तर एकदा तरी हा अनुभव घ्याच, लंडनमध्ये एवढ्या पैशांत याहून चांगली संध्याकाळ नाही. पण आई-बाबांना ‘थोडा वेळ उभे राहू’ म्हणून त्यात नेऊ नका.

आसनांचा नकाशा उघडला की चांगल्या जागांमध्ये मधेच रिकामे पट्टे दिसतात. हॉल बांधताना पैसा उभा करण्यासाठी काही जागा ९९९ वर्षांच्या कराराने विकल्या गेल्या आणि आजही बाराशेहून अधिक खुर्च्या सदस्यांच्या मालकीच्या आहेत. त्यांतल्या काही बाहेरच्या संकेतस्थळांवर चढ्या भावाने विकायला येतात. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर तिकीट हॉलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. जागा बदलून हवी असली, सोबत्याची सोय हवी असली, तर हॉलकडून घेतलेल्या तिकिटावरच त्यांना काही करता येतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना प्रॉम्सच्या बहुतेक मैफिलींना आत घेत नाहीत. नातवंडांसकट तीन पिढ्या एकदम न्यायचा बेत असेल तर हे आधीच बघा.

हॉलला कळवणं : संकोच नको

आपल्याकडची माणसं इथे हमखास अडतात. ‘मला व्हीलचेअर कशाला? मी काय अपंग आहे का?’ असं बाबा म्हणतात. त्यांना समजावून सांगा की हॉलला कळवणं म्हणजे कुणावर उपकार मागणं नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार जनतेला सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय करून द्यायची असते. हॉलमध्ये व्हीलचेअरच्या राखीव जागा आहेत, पायरी नसलेली दारं आहेत, लिफ्ट आहेत. पण प्रत्येक दाराशी लिफ्ट नाही आणि प्रत्येक दार पायरीविना नाही. तुमची अडचण आधी कळली तर ते योग्य दाराचं, योग्य मजल्याचं तिकीट देतात. आयत्या वेळी कळली तर तुम्ही १२ दारांपैकी भलत्याच दाराशी उभे असता.

ईमेल चार ओळींचं पुरे. कोण येणार, सलग किती पायऱ्या चढता येतात, किती वेळ उभं राहता येतं, स्वतःची व्हीलचेअर आहे का आणि त्यातून उठून साध्या खुर्चीत बसता येतं का. हा शेवटचा मुद्दा नीट लिहा, कारण व्हीलचेअरमध्येच बसून ऐकणाऱ्यासाठी वेगळी जागा लागते आणि उठून बसणाऱ्याची व्हीलचेअर दुसरीकडे ठेवावी लागते. ज्यांना मदतीशिवाय येताच येत नाही त्यांच्या सोबत्यासाठी मोफत तिकिटाची सोय असते. पुरावा मागितला तर दाखवायला भारतातल्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सामानात असू द्या.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज थेट कानाशी पोचवणारी उपकरणं असतात. बाबा कानात मशीन घालत असतील तर ईमेलमध्ये तेही लिहा. मोठ्या ऑर्केस्ट्रात श्रवणयंत्र एकदम कर्कश होतं, म्हणून यंत्राला संगीतासाठी वेगळी सेटिंग असेल तर ती घरीच लावून बघा.

तिथवर पोचायचं कसं

सगळ्यांत जवळचं म्हणून नाव घेतलं जातं ते साउथ केन्सिंग्टन या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनचं. धडधाकट माणसाला तिथून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. पण पायऱ्या टाळून बाहेर पडायची सोय तिथे सगळ्या प्लॅटफॉर्मांवरून नाही. शिवाय एक्झिबिशन रोडचा हलका चढ आहे. त्यातही फोनवरचा नकाशा पुष्कळदा प्रिन्स कॉन्सॉर्ट रोडवरून, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या समोरून नेतो आणि तिथून हॉलकडे जायला दगडी पायऱ्यांचा मोठा जिना चढावा लागतो. हॉल समोर दिसतो आणि मध्ये जिना! या बाजूने चालत जायचंच असेल तर एक्झिबिशन रोडवरून डावीकडे न वळता सरळ उद्यानापर्यंत जा आणि मग केन्सिंग्टन गोर या रस्त्याने डावीकडे वळा. थोडं लांब पडतं, पण जिना टळतो.

ज्येष्ठांसाठी मी ट्यूब अर्ध्यावर सोडून बस घ्यायचा सल्ला देईन. लंडनच्या बसना उतरता रॅम्प असतो, बस फुटपाथच्या कडेला टेकते, व्हीलचेअरची जागा असते आणि थांबा हॉलच्या समोर आहे. ९ आणि ५२ या दोन क्रमांकांवर बहुतेकांचं काम भागतं.

वेम्ब्ली, हॅरोच्या बाजूने येणाऱ्यांनी वेम्ब्ली पार्कला ज्युबिली लाइन पकडून ग्रीन पार्कला उतरावं. दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. बाहेर पिकॅडिली रस्त्यावर हॅमरस्मिथकडे जाणारी ९ नंबर घ्यायची. हाउन्स्लोकडून येणाऱ्यांनी पिकॅडिली लाइनने हॅमरस्मिथ गाठावं, लिफ्टने वर यावं आणि बस स्थानकातून तीच ९ नंबर, उलट दिशेची. व्हिक्टोरियाला उतरणाऱ्यांसाठी ५२.

आता थांब्याची बाजू. हॉल रस्त्याच्या दक्षिणेला आहे आणि केन्सिंग्टन गार्डन्स उत्तरेला. ग्रीन पार्क किंवा व्हिक्टोरियाकडून येणारी बस हॉलच्याच बाजूला उतरवते. हॅमरस्मिथकडून येणारी बस उद्यानाच्या बाजूला, म्हणजे रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नललाच ओलांडा. मुंबई-पुण्याच्या सवयीने हात दाखवून मध्ये घुसायचा मोह आई-बाबांना होतो, त्यांचा हात धरा. उद्यानाच्या बाजूला उतरलात तर पाठीमागेच अल्बर्ट स्मारक आहे, सोनेरी प्रिन्स अल्बर्टसकट. हातात वेळ असेल तर फोटो तिथेच काढून घ्या, संध्याकाळचं ऊन हॉलवर छान पडतं.

बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं बँकेचं कार्ड किंवा ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड हवं, एका कार्डावर तिघांचं भाडं कापलं जात नाही. निघण्यापूर्वी लंडनची वाहतूक चालवणाऱ्या टीएफएलच्या ॲपमध्ये त्या दिवशी लिफ्ट चालू आहेत ना, तेवढं पाहा. बंद लिफ्ट हाच या सगळ्या बेतातला सगळ्यांत मोठा धोका आहे. नाइट्सब्रिजला संध्याकाळी गाड्यांची रांग लागते, म्हणून बसच्या वेळेत अर्धा तास जास्तीचा धरा.

स्वतःची गाडी आणणार असाल तर हॉल गर्दीच्या कराच्या हद्दीबाहेर आहे, पण प्रदूषणाच्या कराचा नियम अख्ख्या लंडनला लागू आहे. सोपा मार्ग म्हणजे आई-बाबांना दाराशी उतरवून, बरोबरच्या एकाने त्यांच्यासोबत थांबायचं आणि दुसऱ्याने गाडी लावायला जायचं.

दाराशी आणि आत

दारं साधारण पाऊण-एक तास आधी उघडतात. अगदी उघडल्या उघडल्या आत जा. शेवटच्या दहा मिनिटांत गोल गल्ल्यांमध्ये एवढी गर्दी होते की काठीवाल्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. आत जाताना पिशव्या तपासतात. मोठी पिशवी आणूच नका. बाहेरचं खाणंपिणं आत नेता येत नाही, म्हणजे चिवडा-लाडवांचा डबा घरीच. मधुमेह असेल तर गोळ्या, ग्लुकोज, इन्शुलिन एका छोट्या पारदर्शक पिशवीत वेगळं ठेवा आणि तपासणाऱ्याला आपणहून सांगा. कुणी अडवत नाही, पण पर्सच्या तळातून शोधत बसायची वेळ येऊ नये.

तिकीट फोनवर नीट उघडत नसेल किंवा जागेबद्दल काही विचारायचं असेल तर दार क्रमांक १२ गाठा. हे दक्षिणेच्या अंगाला आहे, तिकीटखिडकी तिथेच आहे.

आत गेल्यावर प्रेक्षागृहाभोवतीची गल्ली सतत वळत असते आणि पंधरा-वीस पावलांपुढचं दिसत नाही. तुमच्या दाराचा आणि बॉक्सचा किंवा ब्लॉकचा फलक आई-बाबांना एकदा दाखवून ठेवा, त्यांच्या फोनमध्ये फोटो काढून द्या. मध्यंतरात स्वच्छतागृहात गेलेली आई परत येताना उलट बाजूने फिरत राहिली तर गल्ली तिला परत पहिल्या जागी आणेल खरी, पण तोवर दिवे मंद झालेले असतात.

स्वच्छतागृहाचं गणित साधं आहे. मध्यंतर वीसएक मिनिटांचं, आणि बायकांची रांग त्यातली निम्मी वेळ खाते. म्हणून कार्यक्रमाआधी एकदा जाऊन या, आणि मध्यंतरात टाळ्या थांबायची वाट न बघता उठा. व्हीलचेअरसाठीची स्वच्छतागृहं वेगळी आहेत. तुमच्या जागेपासून सर्वांत जवळचं कुठे आहे ते आत शिरतानाच तिथल्या स्वयंसेवकाला विचारून ठेवा.

मध्यंतरात आपल्या नाट्यगृहांत बटाटेवड्याची जी मजा असते ती इथे आइस्क्रीमच्या छोट्या डब्यांची. जरूर घ्या. चहा-कॉफी हवी असेल तर आधीच ऑर्डर देऊन ठेवता येते, म्हणजे रांगेत उभं राहायला नको.

ऑगस्टमध्येसुद्धा रात्री दहाला बाहेर पडताना थंडी वाजते. शाल, स्वेटर जवळ हवाच.

संगीताबद्दल एक गोष्ट आधी सांगून ठेवा. पाश्चात्त्य सिंफनीमध्ये एक भाग संपला की इथले बहुतेक श्रोते शांत राहतात आणि पूर्ण रचना संपल्यावर टाळ्या वाजवतात. आपल्याकडे चांगल्या जागेला दाद द्यायची सवय असते. शेजारच्यांनी टाळ्या सुरू केल्या की आपणही करायच्या, एवढं ठरवलं तर कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

ज्यांना दोन तास एका जागी बसणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी दिवसाची मार्गदर्शित फेरी आहे, साधारण तासाभराची. तिच्यातही चालणं आणि पायऱ्या आहेत, म्हणून बुकिंग करताना इथेही गरज कळवा. लताबाई जिथे गायल्या ते प्रेक्षागृह शांतपणे बघायचं असेल तर ही फेरी मैफिलीइतकीच मोलाची आहे.

परतीची वाट

कार्यक्रम संपला की उठू नका. दहा मिनिटं खुर्चीतच बसा. पाच हजार माणसं १२ दारांतून बाहेर पडत असतात आणि गल्लीतला सगळ्यांत मोठा धक्का याच वेळी बसतो. गर्दी ओसरली की कर्मचारी स्वतःहून लिफ्टकडे घेऊन जातात.

बाहेर आल्यावर थांबे उलटे होतात. हॅमरस्मिथला जाणारी ९ नंबर हॉलच्याच बाजूला मिळते. ग्रीन पार्कची ९ आणि व्हिक्टोरियाची ५२ पकडायला रस्ता ओलांडून उद्यानाच्या बाजूला जावं लागतं. पहिल्या बसला तुडुंब गर्दी असते आणि रॅम्पची जागा भरलेली असू शकते, तेव्हा ती सोडून पुढची घ्या. टॅक्सी बोलवायची असेल तर ॲपमध्ये नुसतं हॉलचं नाव टाकू नका, चालक भलत्याच बाजूला येऊन थांबतो. ज्या दारातून बाहेर पडलात त्याच्या जवळच्या रस्त्याचं नाव टाका आणि आई-बाबांना गाडी समोर येईपर्यंत दाराच्या आतच बसू द्या.